आता काय लागणार?

श्रावण संपत आला होता. आईच्या सोबतीला असणाऱ्या मावशी चार दिवस गावी गेल्या म्हणून मी परळला झोपायला गेलो होतो. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो, तर बाहेरच्या खोलीत दिवा नव्हता. टीव्हीचा निळसर उजेड तेवढा भिंतीवर हलत होता. आई पलंगावर उशीला टेकून बसलेली, गाऊनवर शाल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. जेवणानंतर मी तिला एक मालिका लावून दिली होती, तिचे भाग एकामागून एक आपोआप चालू होते. मी ग्लास तोंडाला लावला आणि तेवढ्यात चित्र थांबलं. पडदा काळवंडला, मधोमध इंग्रजीत एक ओळ उमटली. "काय म्हणतोय रे तो?" आईने विचारलं. "तुम्ही अजून बघताय का, असं विचारतोय." आईने चष्मा वर सरकवला, खांद्यावरची शाल सारखी केली आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर द्यावं तशा आवाजात टीव्हीला म्हणाली, "हो. आहे मी."

टीव्ही तसाच वाट बघत राहिला.

मी रिमोटवरचं मधलं बटण दाबलं, मालिका पुढे सुरू झाली, मी झोपायला गेलो. झोप लागली नाही. तो प्रश्न का येतो ते मला माहीत आहे. बराच वेळ कोणी रिमोटला हात लावला नाही, की ॲपला शंका येते की समोरचा माणूस झोपला असेल किंवा उठून गेला असेल. मग फुकट डेटा कशाला जाळा, आणि उद्या त्याला आपण कुठवर आलो होतो ते तरी कसं सापडणार. साधा व्यवहार आहे. पण ब्याऐंशी वर्षांची बाई 'बघतेय' म्हणाली नाही, 'आहे मी' म्हणाली, आणि ते ज्याला म्हणाली त्याला ऐकू येत नव्हतं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. दुसरं असं की दिवसभरात तिला हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला होता का, याचं उत्तर मला माहीत होतं. मी त्या दिवशी संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकलं होतं आणि तेव्हापासून लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो.

आईशी माझं टीव्हीवरून जे काही रोजचं बोलणं होतं, ते एका क्रियापदापाशी अडतं. ती विचारते, "आता काय लागणार?" मी म्हणतो, "काही लागणार नाही गं, आपण लावायचं." हे शंभरदा झालं असेल. तिला ते कळत नाही असं मुळीच नाही. बँकेच्या पासबुकातली चूक ती माझ्याआधी पकडते. पण तिच्या लेखी सिनेमा 'लागतो'. जसं ऊन लागतं, भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो. म्हणजे आपण काही करत नाही. ते आपल्याकडे येतं आणि आपण तिथे असावं लागतं. टीव्ही तिच्या आयुष्यात असाच आला. रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा, गुरुवारी छायागीत लागायचं, आणि पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगायला साप्ताहिकी नावाचा एक अख्खा कार्यक्रम लागायचा. कोणता सिनेमा लागावा यावर कोणाचा हक्क नव्हता. नावडता असला तरी बघायचा, कारण तो लागलाय. लावणं हे दिव्याचं किंवा कुकरचं काम. माझ्या आईने उभा जन्म सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही लावलंच आहे. टीव्हीपुढे बसल्यावरही आपणच लावायचं, तर मग बसायचं कशाला?

आमच्या चाळीत पहिला टीव्ही जॉबरकाकांकडे आला. जॉबर म्हणजे गिरणीत कामगारांवर देखरेख करणारा मुकादम. दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या मजल्यावर हे यंत्र पोचायला आणखी पाच वर्षं गेली. वरळीचा मनोरा आमच्या गच्चीवरून सरळ दिसायचा, इतका जवळ, की बाकी मुंबई अँटेना फिरवून फिरवून घामाघूम होत असताना आमच्याकडे तिचं काम जवळपास नावालाच होतं. तरी जॉबरकाकांनी ती लावली, कारण अँटेना नसेल तर खालून जाणाऱ्याला कळणार कसं? चित्र स्वच्छ दिसे, पण प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक फिकट सावली उभी असे. लहरी आजूबाजूच्या इमारतींवर आपटून किंचित उशिरा पोचायच्या, त्याची ती सावली. आम्ही पोरं तिला भूत म्हणायचो. कॅबिनेट लाकडी, त्याला सरकती शटरं आणि शटरांना कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला.

त्या दिवसांबद्दल लिहिताना सगळी चाळ कशी एकत्र बसायची, असं लिहायची पद्धत आहे. बसायची, खरं आहे. पण कोण कुठे बसायचं तेही मला आठवतं. पलंगावर जॉबरकाका आणि त्यांचे गिरणीतले पाहुणे, खाली सतरंजीवर काकूंच्या मर्जीतली मुलं, मोरीच्या कडेला बाकीची, आणि उंबऱ्याच्या बाहेर आम्ही. माझे वडील त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि जॉबरकाकांशी त्यांचं फारसं पटत नसे, त्याचा हिशोब माझ्याकडून उंबऱ्यावर वसूल व्हायचा. पुढच्याच्या डोक्यामुळे मला पडद्याचा वरचा डावा कोपरा दिसे. पुष्कळ सिनेमे मी त्या एका कोपऱ्यातून बघितलेत. नट वाकला की दिसेनासा व्हायचा. काकूंचं डोकं दुखत असलं की ऐन मध्यावर खटका पिरगाळला जाई. मग चित्र चहूबाजूंनी आक्रसत जाऊन मधे एक पांढरा ठिपका उरे. मागून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत क्षणभर चालू असतो, पण त्याला वरखाली, आडवंउभं फिरवणारं बळ आधी जातं, म्हणून सगळा उजेड मधे गोळा होतो. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं की सिनेमा त्या ठिपक्यातून आत जाऊन चालूच राहतो आणि आम्हाला तेवढं बाहेर काढलंय. ठिपका विझेपर्यंत कोणी हलत नसे. मग काकू शटर ओढत.

आजी मात्र उंबऱ्याच्या आत बसे. ती मालवणहून नुकती आली होती आणि म्हातारीला बाहेर बसवणं जॉबरकाकूंनाही जमलं नसतं. मराठी बातम्या सुरू झाल्या की निवेदक नमस्कार करी. आजी लगेच डोक्यावर पदर घेऊन हात जोडायची आणि बातम्या संपेपर्यंत पदर खाली येऊ द्यायची नाही. प्रदीप भिडे असले तर आणखीच सावरून बसे, कारण तो माणूस तिला भारदस्त वाटायचा. आम्ही पोरं खिदळायचो. आजे, त्याला तू दिसत नाहीस, असं मी तिला किती वेळा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं, "तो हंयसरच बघता मा!" आणि खोटं नव्हतं ते. निवेदक थेट समोर बघत होता. खोलीत कुठेही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतोय असं दिसायचं, उंबऱ्यावरूनसुद्धा.

व्यत्यय हा शब्दही मी शाळेत शिकायच्या आधी तिथेच वाचला. प्रक्षेपण मधेच बंद पडलं की पाटी यायची आणि अख्खी खोली एका आवाजात हुश्श करायची. तेवढ्यात मोरीत जाऊन येणं, दूध उतू गेलंय का बघणं, पोराच्या पाठीत एक धपका, सगळं उरकून घेतलं जायचं. आता गोल गोल फिरणारं चाक येतं तेव्हा तीन सेकंदांत मला वायफायचा राऊटर खिडकीतून बाहेर फेकावासा वाटतो.

मग १९८२ उजाडलं. जानेवारीच्या १८ तारखेला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले आणि परळ-लालबागमध्ये भोंगे वाजायचे थांबले. सुरुवातीला जॉबरकाकांचा टीव्ही दिवसरात्र चालू असे, निदान तो लागेल तेवढा वेळ. माणसांना दुसरं काम नव्हतं. पावसाळ्यात पहिल्यांदा कोणाची तरी शिलाई मशीन गेली. मग पंखे, पितळी हंडे, एकाची सायकल. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं. नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड होतं आणि ते देशाला रंगांत दिसणार होतं. जॉबरकाकांचा सेट काळापांढरा. त्यावर काकूंनी फेरीवाल्याकडून घेतलेला प्लास्टिकचा कागद चिकटवलेला: वरती निळा, मधे केशरी, खाली हिरवा. त्यात सगळ्या माणसांची कपाळं निळी आणि पाय हिरवे दिसत. एशियाडच्या थोडं आधी, दिवाळीच्या सुमाराला, दोन हमाल येऊन तो टीव्ही खाली घेऊन गेले. शटर बंद, कुलूप तसंच. जिन्याच्या वळणावर कॅबिनेट अडकलं तेव्हा माझ्या वडिलांनी जाऊन एक कोपरा धरला. जॉबरकाका खोलीतून बाहेर आले नाहीत. मी तेरा वर्षांचा होतो आणि मला आतून बरं वाटलं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

देशाला रंग आला तेव्हा आमच्या मजल्यावर काळंपांढरंही उरलं नव्हतं.

नंतरचं सगळं भराभर झालं, निदान आठवताना तसं वाटतं. वडील एका प्रेसमध्ये लागले. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं तोवर आमच्याकडे स्वतःचा सेट होता, हप्त्यावरचा, लहान, आणि आईने पहिल्याच रविवारी दार सताड उघडं ठेवून जॉबरकाकूंना पलंगावर बसवलं. सूड होता की माणुसकी, ते तिचं तिला ठाऊक. मग नव्वदीत केबल आली. चाळीच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीवर, तिथून पिंपळावर, तिथून दुधाच्या केंद्राच्या पत्र्यावर काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि महिन्याच्या पाच तारखेला पावतीपुस्तक घेऊन एक पोरगा यायला लागला. वायर कुठे सुटली की पडद्यावर मुंग्या. 'मुंग्या आल्या' म्हणून गच्चीवर ओरडायचं, मग तो पोरगा वायर हलवून वरून ओरडायचा, 'आलं का?' आणि खालून तीन मजले, 'आलं, आलं, गेलं!' त्या मुंग्यांमधला थोडासा भाग विश्वाच्या जन्माच्या वेळच्या प्रारणाचा असतो, असं पुढे वाचलं तेव्हा फार गंमत वाटली होती. आम्ही त्या पोराला शिव्या घालत होतो ती गोष्ट अंशतः तरी त्याच्या हातातली नव्हती.

१ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि मुंग्या मेल्या. आता चित्र असतं किंवा नसतं. भूतही गेलं, अधलंमधलं काहीच उरलं नाही. २०१९ ला आणखी एक नियम आला, की हवे तेवढेच चॅनल निवडा आणि तेवढ्याचेच पैसे द्या. कागदावर चॅनलांची यादी घेऊन मी आईसमोर बसलो होतो. तिने दोन तास ती यादी बाजारातली भाजी निवडावी तशी निवडली आणि शेवटी म्हणाली, "जे आधी लागत होतं तेच राहू दे." त्याच्या पुढच्या वर्षी टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण परत दाखवलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. तेव्हा तिने मला फोन करून अगदी आनंदाने कळवलं, "अरे, परत लागलं!" माझ्याकडे ते कधीही बघता येण्यासारखं होतं, तरी मी रात्री नऊ वाजता लावलं. ती तिकडे, मी गोरेगावला, दोघंही घरात कोंडलेले. ते तेवढं शेवटचं लागलेलं.

चाळ गेली, तिथे आता टॉवर आहे. आईला चौदाव्या मजल्यावर हक्काचं घर मिळालं आणि वरळीचा मनोरा मात्र दिसेनासा झाला; मधे गिरण्यांच्या जमिनींवर त्याच्याआड येण्याइतक्या इमारती उभ्या राहिल्यात. मनोऱ्यावरून येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपणही संपल्यातच जमा आहे. प्रसार भारतीने २०२२ पर्यंत देशभरातले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले. आमच्या लाकडी कॅबिनेटाएवढ्या जागेत पूर्वी एक देव्हारा, एक टीव्ही आणि त्यावर क्रोशाचं कव्हर मावायचं. आता टीव्ही भिंतीवर, इतका पातळ की त्यावर काही ठेवता येत नाही म्हणून आई अजून हळहळते. त्याला हात जवळ नेला तर अंगावरचे केस उभे राहत नाहीत, तापलेल्या धुळीचा वास येत नाही.

तो बसवायला माणूस आला होता, तो दिवस मला आता वेगळा आठवतो. तो ड्रिलने भिंतीला भोकं पाडत होता, आई पलंगावर चादर टाकून धूळ वाचवत होती आणि मी रिमोटने पडद्यावरचे प्रश्न संपवत होतो. भाषा, वायफाय, पासवर्ड, मग अटींचे लांबलचक पान, खाली 'सहमत'. पुन्हा एक पान, पुन्हा 'सहमत'. पाच मिनिटांत सगळं उरकलं. मी काय काय मान्य केलं ते त्या रात्रीनंतर उघडून वाचलं. असे बरेच टीव्ही पडद्यावर जे काही दिसतंय त्याचे बारीक नमुने उचलतात, कंपनीकडच्या साठ्याशी ताडून बघतात आणि या घरात आत्ता काय चाललंय ते ओळखतात. मग ते ॲपवर असो, सेट टॉप बॉक्सवर असो, कशावरही. जाहिरातीवाल्यांना ते हवं असतं. अमेरिकेत व्हिझिओ नावाच्या कंपनीने लोकांना नीट न विचारता एक कोटी दहा लाख टीव्हींवरून हे केलं, म्हणून २०१७ साली तिला २२ लाख डॉलर भरावे लागले. आईच्या टीव्हीत तो खटका सेटिंगच्या सातव्या-आठव्या पानावर होता आणि चालू होता. मीच चालू केला होता, तिच्या वतीने.

तो हंयसरच बघता मा.

आजी १९८५ ला गेली. भिडे गेले २०२२ ला. एकटाच हसत बसलो होतो मी, रात्री दोन वाजता, आईच्या घरातल्या सोफ्यावर, हातात रिमोट. ज्याला ती दिसत नव्हती त्याच्यापुढे आजी पदर घेऊन बसली. आई ज्याच्यापुढे गाऊनमध्ये, दात काढून ठेवून बसते, त्याला ती काय बघते, किती वाजता बघते, कुठे थांबते, सगळं ठाऊक आहे. आणि तरी त्याला विचारावंच लागतं, अजून आहात का? इतकं माहीत असून त्याला एवढं साधं कळत नाही. जॉबरकाकूंना पाठ फिरवलेली असूनही कळायचं की उंबऱ्यावरून कोण उठून गेलं.

खटका मी बंद केला. त्याच झटक्यात आणखी एक गोष्ट बंद केली. टीव्ही आल्यापासून आई तक्रार करत होती की या टीव्हीवर जुने सिनेमे 'शूटिंग बघायला गेल्यासारखे' दिसतात. मी तिला वयाचा, चष्म्याचा नंबर बदलल्याचा दाखला देत असे. ती बरोबर होती. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि नवे टीव्ही हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मधली, कोणी कधी न काढलेली चित्रं स्वतःच बनवून घुसवतात. म्हणून सगळं स्टुडिओत उभं राहून बघितल्यासारखं सपाट वाटतं. ते बंद केलं आणि तिला काही सांगितलं नाही. सकाळी तिने मराठी कृष्णधवल सिनेमा पाच मिनिटं बघितला आणि म्हणाली, "आज बरा लागलाय." मी पोह्यांत मान घातली.

मावशी गावाहून परत आल्या, मी गोरेगावला आलो. निघताना आईला रिमोटवरचं मधलं गोल बटण दाखवून ठेवलं होतं. त्यावर लाल नेलपेंटचा ठिपका लावला, पुतणीच्या बाटलीतला. तो विचारेल तेव्हा हे दाबायचं, की पुढे चालू होतं. तिने दोनदा दाबून बघितलं, मान हलवली.

परवा रात्री फोन केला. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाऊस आहे का तिकडे, असं नेहमीचं झालं. मग तीच म्हणाली, "काल त्याने विचारलं परत."

"मग दाबलंस ना बटण?"

"नाही दाबलं. म्हटलं, बघू तरी किती वेळ वाट बघतो."

"मग?"

"कसला काय. थोडा वेळ नुसता बघत बसला माझ्याकडे. मग काळा झाला." ती हसत होती. "माझ्याआधी झोपला रे तो."